तीच गोळी, तोच माणूस. मग रक्तातली लेव्हल आधी ०.४ आणि नंतर ७.८ कशी?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. वडील ६१ वर्षांचे, वजन ४३ किलो. पंधरा वर्षांपूर्वी टीबी होऊन गेला, तेव्हापासून उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी आहे. यंदा खोकल्यातून रक्त पडायला लागलं. टीबी उलटला असं समजून दोन महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, दिली. थुंकीत टीबीचे जंतू काही सापडले नाहीत, ॲस्परजिलस ही बुरशी मात्र सापडली. मग एकेटी बंद झाली आणि सहाव्या दिवशी बुरशीवरचं व्होरिकोनाझोल सुरू झालं, २०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. पाचव्या दिवशी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं, ते ०.४ आलं. कमी आहे म्हणून डोस ३०० केला. तीन आठवड्यांनी वडिलांना ताप आला, छातीत नवीन जंतुसंसर्ग निघाला. त्याच सुमारास त्यांना रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. लेव्हल काढली तर ७.८, आणि लिव्हरला त्रास झाला की वाढणारं एसजीपीटीही वाढलेलं. आता डॉक्टरांनी औषध दोन दिवस थांबवलंय आणि पुन्हा २०० वर सुरू करणार आहेत. ताई विचारतात: लॅब चुकली का? पहिल्या गोळ्या बनावट होत्या का? आणि २०० वर आधी ०.४ होतं, तर आता परत तेवढंच होऊन बुरशी वाढणार नाही का?

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण रात्रीची झोप त्यानेच गेली असणार. नाही, २०० वर पुन्हा ०.४ येण्याची शक्यता फार कमी आहे. ते ०.४ वडिलांच्या शरीराचं खरं उत्तर नव्हतंच. ते एकेटीतल्या एका गोळीचं उत्तर होतं.

एकेटी चालू असताना वडिलांची लघवी नारिंगी झालेली तुम्ही पाहिली असेल. तो रंग रिफाम्पिसिनचा. लिव्हरमध्ये औषधं मोडणारी जी एन्झाइम असतात, त्यांची संख्या हे औषध कित्येक पटींनी वाढवतं. ज्या औषधांवर त्याचा सर्वांत वाईट परिणाम होतो, त्यांत व्होरिकोनाझोल अगदी वरच्या ओळीत आहे. दोन्ही एकत्र दिली तर व्होरिकोनाझोलचा शरीराला मिळणारा एकूण साठा सुमारे ९६ टक्क्यांनी घटतो, म्हणजे शंभरातले चार भाग उरतात. डोस दुप्पट करूनही ही तूट भरून निघत नाही. म्हणून ही जोडी निषिद्धच आहे.

रिफाम्पिसिन बंद केल्यावर लघवीचा रंग दोन दिवसांत निवळतो, पण वाढलेली एन्झाइम तेवढ्यात कमी होत नाहीत. त्यांना मूळपदावर यायला साधारण दोन आठवडे लागतात. तुमच्या हिशोबाने पहिली लेव्हल काढली तेव्हा रिफाम्पिसिन थांबून जेमतेम अकरा दिवस झाले होते. लिव्हर अजून जोरात काम करत होतं. पुढच्या आठवडाभरात ते शांत झालं, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण डोस दीडपट केला. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने गेल्या.

आता दीडपट डोसाने प्रमाण वीसपट कसं वाढेल, असं कोणीही विचारेल. इथे व्होरिकोनाझोलचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. बहुतेक औषधांत डोस दुप्पट केला की रक्तातलं प्रमाणही साधारण दुप्पट होतं. या औषधात तसं होत नाही. तुमच्या भागात साखर कारखाना असेल तर त्याची गाळप क्षमता डोळ्यांसमोर आणा. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात चार हजार टन आला तर संध्याकाळी यार्ड रिकामं. साडेपाच हजार टन यायला लागला तर रांग रोज वाढत जाते, आणि चार दिवसांनी गाड्या गावाच्या वेशीपर्यंत उभ्या असतात. व्होरिकोनाझोल मोडणाऱ्या एन्झाइमची क्षमता अशीच मर्यादित आहे, आणि नेहमीच्या डोसातच ती भरत येते. निरोगी माणसांतसुद्धा २०० वरून ३०० केलं, म्हणजे दीडपट, तर शरीराला मिळणारं औषध साधारण अडीचपट होतं. वडिलांच्या बाबतीत गाड्या वाढल्या आणि त्याच वेळी रिफाम्पिसिनने बसवलेल्या जादा चरक्याही बंद झाल्या.

वजनाचाही विचार करा. गोळीच्या मात्रेत ४० किलोखालच्या प्रौढांना निम्मा डोस, म्हणजे १०० मिलिग्रॅम दोनदा, असा नियम आहे. वडील ४३ किलोचे. नियमाच्या रेघेच्या वर आहेत, पण फक्त तीन किलोंनी. ७५ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे ४. वडिलांना तेच ३०० किलोमागे जवळजवळ ७. जुन्या पोकळीत बुरशी बसलेले आपले बहुतेक रुग्ण असेच वाळलेले असतात, म्हणून माझ्याकडे डोस वाढवायची वेळ आली तर मी ५० मिलिग्रॅमच्या गोळीने वाढवतो. थोडा वेळ जातो, पण मुंग्यांची रांग दिसत नाही.

मग ताप. याकडे कित्येक वर्षं आम्हा डॉक्टरांचंही नीट लक्ष नव्हतं. शरीरात जोराचा दाह चालू असला, रक्तातला दाहाचा निर्देशांक सीआरपी शंभर-दीडशेच्या घरात गेलेलं असलं, की लिव्हर या औषधाचं मोडण्याचं काम मागे टाकतं. डोस तोच, गोळी तीच, तरी लेव्हल चढते. ताप उतरला, अँटिबायोटिक लागू पडलं, की तीच लेव्हल आपोआप उतरते. म्हणून तापात काढलेल्या जास्त लेव्हलवर डोस कायमचा कमी करून ठेवला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं नाही, तर माणूस नकळत अपुऱ्या औषधावर राहतो. ७.८ पैकी काही वाटा वडिलांच्या त्या संसर्गाचा नक्की आहे.

तुम्ही लिहिलंय की गोळी तुम्ही नाश्त्यासोबत देता आणि आधी ॲसिडिटीची कॅप्सूल देता. कोणती कॅप्सूल ते पाहा. ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असेल तर ती व्होरिकोनाझोलच्याच एन्झाइमला अडवते. ओमेप्राझोलने व्होरिकोनाझोल साधारण ४० टक्क्यांनी वाढलेलं पाहण्यात आलंय. उलट व्होरिकोनाझोलही ओमेप्राझोलला वाढवतं. पॅन्टोप्राझोलचा परिणाम त्या मानाने बराच कमी. जळजळ खरी असेल तर डॉक्टरांना विचारून ते बदलून घ्या. नसेल, आणि केवळ 'एवढ्या गोळ्या आहेत तर पोटाला सोबत' म्हणून चालू असेल, तर ती लागते का तेही विचारा.

नाश्त्याचा परिणाम याच्या उलट. पोट भरलेलं असलं, विशेषतः तेलकट खाणं झालेलं असलं, की गोळी कमी शोषली जाते, साधारण पाव हिस्सा वाया जातो. म्हणून गोळी जेवणाच्या निदान एक तास आधी किंवा एक तास नंतर. लोकांचा इथे फार गोंधळ होतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. बुरशीसाठीच दिलं जाणारं इट्राकोनाझोल कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायचं असतं, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीच्या औषधाने त्याची लेव्हल पडते, व्होरिकोनाझोलची चढते. म्युकरमायकोसिसच्या वेळी २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत गेलेलं पोसाकोनाझोल तिसऱ्याच रीतीचं. त्याचं पातळ औषध स्निग्ध जेवणासोबतच घ्यावं लागतं, गोळीला तेवढी अडचण नाही. तिन्ही नावं ऐकायला सारखी आणि नियम एकमेकांच्या विरुद्ध. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना हे सांगायला डॉक्टर विसरले तर घरचे जुनीच पद्धत चालू ठेवतात. माझ्या एका रुग्णाची बायको इट्राकोनाझोलच्या वेळी शिकलेली पद्धत व्होरिकोनाझोललाही मनापासून पाळत होती: साजूक तुपाचा शिरा आणि त्यासोबत गोळी. लेव्हल ०.७ वरून हलत नव्हती. शिरा दहा वाजता सरकवला, गोळी आठला ठेवली, आणि डोसाला हात न लावता पुढची लेव्हल १.६ आली. तरीही या दोन्ही गोष्टींना त्यांच्या मापातच ठेवा. नाश्ता आणि कॅप्सूल काही दशांशांचा किंवा दीड ते अडीचपटीचा फरक करतात. वीसपटीचा करत नाहीत.

लॅब चुकली का, या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला एक विचारायचंय. दोन्ही वेळा रक्त किती वाजता काढलं, आणि त्याआधीची गोळी किती वाजता दिली होती? रिपोर्टवर फक्त आकडा येतो. १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर ही जी मर्यादा आपण धरतो, ती पुढचा डोस देण्याच्या अगदी आधी काढलेल्या रक्ताची आहे. गोळीनंतर एक-दोन तासांत औषध रक्तात शिखरावर असतं. तेव्हा काढलेला आकडा या मर्यादेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी वॉर्डमध्ये एका तरुण रुग्णाची लेव्हल ६.२ आली. मी लगेच डोस कमी केला. पुढच्या आठवड्यात ०.५ च्या खाली. तेव्हा नर्सबाईंच्या वहीत डोकावलो. गोळी सहाला दिलेली, रक्त सव्वाआठला नेलेलं. त्या ६.२ मध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. मी वेळ न विचारता बिघडवलं. त्या मुलाचा खोकला पुन्हा वाढला, तो चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मागणीपत्रावर मी स्वतः दोन वेळा लिहितो, गोळीची आणि रक्ताची, आणि मागच्या चार डोसांपैकी एखादा चुकला का तेही. इंजेक्शन चालू असलेल्या रुग्णात आणखी एक काळजी: ज्या नळीतून औषध जातंय त्याच नळीतून रक्त ओढलं तर आकडा खोटाच वर येतो. दुसऱ्या हातातून घ्यावं.

वडिलांचं ७.८ मात्र मला खरं वाटतं, कारण मुंग्या दिसल्या आणि एसजीपीटी वाढलं. आकडा आणि माणूस एकच गोष्ट सांगतायत. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली ५२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास आम्ही सगळे वापरतो. त्यात ५.५ च्या वर गेलेल्या १६ जणांपैकी पाच जणांना भ्रम आणि मेंदूवरचे परिणाम झाले, ५.५ च्या खाली एकालाही नाही. आणि १ किंवा त्याच्या खाली असलेल्यांत जवळजवळ निम्म्यांना औषध लागूच पडलं नाही. दोन्ही बाजूंना दरी आहे. पुढे २०१२ मध्ये कोरियात ११० रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांचा डोस लेव्हल बघून ठरवला, निम्म्यांचा ठरावीक ठेवला. लेव्हल बघणाऱ्या गटात दुष्परिणामांमुळे औषध सोडावं लागलं ४ टक्क्यांना, दुसऱ्या गटात १७ टक्क्यांना. फायदाही जास्त जणांना झाला, ८१ विरुद्ध ५७ टक्के. लेव्हलचा खर्च कशाला, असं मला कोणी विचारलं की मी हेच सांगतो.

मुंग्यांबद्दल एक फरक समजून घ्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात डोळ्यांसमोर चमक, रंग फिके किंवा भडक दिसणं, कडा हलल्यासारखं वाटणं हे बऱ्याच जणांना होतं आणि थोड्या वेळात जातं. त्याने घाबरू नये. त्या वेळात गाडी चालवू नये एवढंच. पण नसलेली गोष्ट दिसणं, कोणीतरी बोलतंय असं ऐकू येणं, रात्री उठून घरातल्यांची ओळख न लागणं, हे वेगळं. त्यात लेव्हल काढायची आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. वडिलांना वेड लागलेलं नाही, हे त्यांना स्वतःला नीट सांगा. असे रुग्ण लाजेपोटी दिवसच्या दिवस कोणाला बोलत नाहीत.

बनावट गोळ्यांची शंका इथे बाजूला ठेवली तरी चालेल. ०.४ चं कारण आपल्याला मिळालंय. बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवा, ते नेहमीच चांगलं.

आता जे अजून माहीत नाही ते: वडिलांचा जन्मजात पिंड. हे औषध मोडणाऱ्या मुख्य एन्झाइमचं नाव सीवायपी२सी१९. ते बनवणारं जनुक सगळ्यांचं सारखं नसतं. युरोपीय वंशाच्या लोकांत ३ ते ५ टक्के माणसांत ते जवळजवळ कामच करत नाही. आशियाई लोकांत हे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के सांगितलं जातं. अशा माणसाच्या शरीरात त्याच डोसाने सरासरी चौपट औषध साठतं. आई किंवा वडील एकाकडूनच मंद जनुक आलं असेल तर साधारण दुप्पट. उलट काहींचं जनुक इतकं चपळ असतं की नेहमीच्या डोसाला लेव्हल १ च्या वर चढतच नाही. कारखान्याची क्षमताच मुळात लहान-मोठी, असं समजा. ज्यांच्या घरी कोणाला स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल चालू आहे, त्यांनी हे नाव ऐकलं असेल. तेच एन्झाइम क्लोपिडोग्रेलला कामाला लावतं. मोठ्या शहरांत याची चाचणी होते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते. पण वडिलांच्या बाबतीत मी आधी त्या चाचणीच्या मागे लागणार नाही. २०० वर, ताप नसताना, रिफाम्पिसिनचा अंमल संपलेला असताना एक लेव्हल घ्या. ती जर ४-५ च्या वर आली तर मग जनुक तपासायला अर्थ आहे. तेवढ्या पैशांत दोन लेव्हल होत असतील तर मी लेव्हल निवडेन. जनुक फक्त कल सांगतं. आज रक्तात काय आहे ते लेव्हल सांगते.

लिव्हरचं काय, हेही लोक विचारतात. सौम्य किंवा मध्यम सिरॉसिस असेल तर पहिल्या दिवसाचा जादा डोस नेहमीचाच आणि नंतरचा निम्मा. दारू चालू असेल तर कृपा करून डॉक्टरांपासून लपवू नका. किडनीचा मात्र गोळीच्या लेव्हलशी फारसा संबंध नाही. दोन टक्क्यांहूनही कमी औषध जसंच्या तसं लघवीतून जातं. लहान मुलांची गोष्ट वेगळीच आहे. त्यांचं लिव्हर हे औषध झपाट्याने मोडतं, म्हणून त्यांना किलोमागे मोठ्यांहून जास्त डोस लागतो. मोठ्यांचा हिशोब वजनाने भागून मुलांना लावू नये.

इतर औषधांत सगळ्यांत आधी फिटच्या गोळ्या बघायच्या. कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन असेल तर व्होरिकोनाझोल देऊच नये. फेनिटॉइनमध्ये डोस वाढवून दोन्हींची लेव्हल बघत चालावं लागतं. डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड्स लेव्हल खाली ओढतात. उलट बाजूनेही बघा: व्होरिकोनाझोल स्वतः इतर औषधं अडवतं. किडनी बदललेल्या रुग्णाचं टॅक्रोलिमस एक तृतीयांशावर आणावं लागतं. वॉरफेरिनने रक्त जास्त पातळ होतं. ग्लिमेपिराइडवर असलेल्या मधुमेह्याची साखर अचानक उतरू शकते. दम्याच्या पंपातल्या फ्लुटिकासोनचीसुद्धा अंगात साठवण होऊन चेहरा सुजतो. वडिलांच्या पिशवीत जे काही आहे, पंप, काढा, मेडिकलवाल्याने दिलेली पुडी, सगळं एकदा टेबलावर ओतून डॉक्टरांना दाखवा. नावं तोंडी सांगू नका, पाकिटंच न्या.

आता पुढचे दिवस. औषध थांबवल्यावर इतक्या वरून लेव्हल पहिल्यांदा सावकाश उतरते, कारण कारखान्यापुढची रांग आधी सरावी लागते. त्यामुळे दोन दिवसांत मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत तरी धीर सोडू नका, पण डॉक्टरांना कळवा. ते सुरू करण्याआधी आणखी एखादा दिवस थांबतील किंवा आधी लेव्हल बघतील. २०० सुरू झाल्यावर पाच ते सात दिवसांनी लेव्हल घ्यावी. त्या दिवशी सकाळची गोळी द्यायची नाही, ती पिशवीत घेऊन लॅबला जायचं, रक्त दिलं की तिथेच पाण्यासोबत द्यायची, आणि नाश्ता त्यानंतर तासाने. रिपोर्ट यायला दोन-चार दिवस लागतात, तोवर मनाने डोस बदलू नका. सोबत एसजीपीटी आणि सीआरपी करून घ्या, म्हणजे आकडा वाचता येईल. लेव्हल १ च्या वर आणि ५ च्या आत असेल तर डोसाला हात लावायचा नाही, मग ती १.३ असो की ४. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अजून एकदा, कारण तापाचा परिणाम ओसरल्यावर ती खाली येऊ शकते. आणि मधे कुठलंही नवीन औषध सुरू झालं किंवा बंद झालं तर पुन्हा. बंद झालं तरसुद्धा. वडिलांची सगळी कहाणी एका बंद झालेल्या गोळीचीच आहे.

हे उपचार निदान सहा महिने चालतात. वडील शेतात जात असतील तर उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच जाऊ द्या, या औषधाने कातडी उन्हाने चटकन भाजते. पुन्हा कोणी टीबीची शंका काढून एकेटी सुरू करायला सांगितलं, तर पहिली गोळी देण्याआधी त्या डॉक्टरांना 'व्होरिकोनाझोल चालू आहे' हे एक वाक्य सांगा. आणि डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, किंवा खोकल्यातून चमचाभराहून जास्त रक्त आलं, तर लेव्हलच्या रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा.